चेकसम खरा, नोंद खोटी

जुलै २०१९ मध्ये लिनक्स कर्नलची ५.२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमच्या वाट्याला त्या आवृत्तीत एक नवी तपासणी आली. फायलींची नावे, आकार, डिस्कवरच्या जागा ही सगळी माहिती मेटाडेटाच्या ब्लॉकमध्ये असते. असा ब्लॉक डिस्ककडे रवाना होण्याआधी कर्नलने त्यातल्या नोंदी वाचून पाहायच्या, आणि त्या आपसांत जुळत नसतील तर लिहायलाच नकार द्यायचा, अशी ती योजना होती. योजनेत नवल काही नाही; नवल आहे ते तिच्या तारखेत. ओरॅकल कंपनीत काम करणाऱ्या ख्रिस मेसन यांनी २००७ मध्ये बीटीआरएफएसची घोषणा केली, तेव्हापासून तिच्या प्रत्येक मेटाडेटा ब्लॉकवर चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, आहे. ब्लॉकमधला एक बिट पालटला तरी वाचताना ते कळते, हेच तिचे मुख्य भूषण. मग बारा वर्षांनी लिहिण्यापूर्वीच्या तपासणीची गरज का भासावी? याचे उत्तर शोधताना फाइल सिस्टिमच्या पन्नास वर्षांच्या इतिहासात जावे लागते. डिरेक्टरी तीन तऱ्हांनी बिघडते: ती अर्धवट लिहिली जाते, लिहिल्यानंतर बदलते, किंवा मुळातच चुकीची लिहिली जाते. पहिल्या दोन बिघाडांवर साधारण १९८० ते २०१३ या काळात चांगले उपाय सापडले. तिसऱ्याकडे लक्ष उशिरा गेले, आणि ते गेले तेही दुसऱ्यावरचा उपाय फार यशस्वी ठरला म्हणून. चेकसम जितका भरवशाचा, तितकी लिहिण्याआधीची तपासणी अधिक गरजेची, असे या लेखाचे म्हणणे आहे.

फायलीचा मजकूर बिघडला तर एक फाइल जाते. डिरेक्टरी बिघडली तर तिच्याखालचे सगळे झाड हाताबाहेर जाते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतली एक नोंद १६ बाइटांची असे. पहिल्या २ बाइटांत आयनोडचा क्रमांक आणि उरलेल्या १४ बाइटांत नाव. फाइल किती मोठी, कोणाची, डिस्कवर कुठे, हे सारे आयनोडमध्ये; डिरेक्टरीचे काम फक्त नाव आणि क्रमांक यांची सांगड घालण्याचे. पण एका आयनोडला अनेक नावे असू शकत, म्हणून अशी किती नावे आहेत याचा आकडा आयनोडमध्येही ठेवलेला असे. एकच वस्तुस्थिती दोन ठिकाणी नोंदवलेली, आणि डिस्क दोन्ही ठिकाणी एकाच वेळी लिहू शकत नाही, अशी ती अडचण. सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये तर नवी डिरेक्टरी तयार करणे हे कर्नलचे एकसंध काम नव्हतेच. एक साधा प्रोग्रॅम आधी रिकामी डिरेक्टरी निर्माण करी, मग तिच्यात स्वतःकडे निर्देश करणारी नोंद घाली, मग वरच्या डिरेक्टरीकडे निर्देश करणारी. या तीन पायऱ्यांच्या मध्ये यंत्र बंद पडले की मागे राही ती वर जायची वाट नसलेली डिरेक्टरी. अशा वेळी आय-चेक, डी-चेक, एन-चेक असे वेगवेगळे प्रोग्रॅम चालवून, त्यांचा अर्थ लावून, हाताने दुरुस्ती करायची हे यंत्र सांभाळणाऱ्याचे काम असे. म्हणजे फाइल सिस्टिमची सुसंगती तेव्हा बरीचशी माणसाच्या अनुभवावर टिकून होती.

तो अनुभव प्रोग्रॅममध्ये उतरवण्याचे श्रेय बेल लॅब्जमधल्या टेड कोवाल्स्की यांना जाते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी एफएससीके हा प्रोग्रॅम लिहिला. त्याची तपासणी टप्प्याटप्प्याने चाले. आधी ब्लॉक आणि आकार, मग वरपासून खालपर्यंतचे मार्ग, मग कोणती डिरेक्टरी झाडापासून तुटली आहे, मग नावांचे आकडे, आणि शेवटी मोकळ्या जागेचा हिशेब. ज्या फायलीला आयनोड आहे पण नाव नाही, ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या डिरेक्टरीत क्रमांक देऊन टाकली जाई. पुढे बर्कलीच्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीत (१९८३) मार्शल कर्क मॅक्युसिक, बिल जॉय, सॅम्युएल लेफ्लर आणि रॉबर्ट फॅब्री यांच्या नव्या फाइल सिस्टिमने दुरुस्तीच्या जोडीला प्रतिबंधाचा विचार आणला. डिरेक्टरी बनवणे आणि फायलीचे नाव बदलणे ही दोन्ही कामे तेव्हापासून कर्नलकडे गेली. नावाची मर्यादा २५५ अक्षरांवर नेताना त्यांनी एक नियमही घातला, की डिरेक्टरीची कोणतीही नोंद ५१२ बाइटांच्या तुकड्याची सीमा ओलांडणार नाही. डिस्कचा सेक्टर ५१२ बाइटांचा होता, आणि एक सेक्टर लिहिला जातो तो पूर्ण लिहिला जातो किंवा लिहिलाच जात नाही, या हार्डवेअरच्या गुणावर त्यांनी भरवसा ठेवला. अर्धी नवी, अर्धी जुनी नोंद डिस्कवर उरण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला. शिवाय आयनोड आधी डिस्कवर पोहोचवायचा आणि मगच त्याचे नाव डिरेक्टरीत लिहायचे, हा क्रम सक्तीचा केला. डिरेक्टरीचे रक्षण लिहिण्याच्या क्षणी करता येते, ही कल्पना इथे प्रथम स्पष्ट दिसते.

क्रमाच्या सक्तीची किंमत होती वेग. प्रत्येक फाइल निर्माण करताना आणि पुसताना यंत्राला डिस्कची वाट पाहावी लागे, आणि तरीही यंत्र कोसळले की सगळी डिस्क एफएससीकेने तपासावी लागेच. डिस्कचे आकार वाढत गेले तसा हा वेळ असह्य झाला. त्यावर दोन उत्तरे आली. ग्रेगरी गँजर आणि येल पॅट यांनी १९९४ मध्ये ‘सॉफ्ट अपडेट्स’ ही पद्धत मांडली. जी रचना अजून तयार नाही तिच्याकडे निर्देश करायचा नाही. एखादी जागा पुन्हा वापरण्यापूर्वी तिच्याकडचे जुने निर्देश पुसायचे. आणि जिवंत वस्तूकडचा जुना निर्देश नवा लागल्याशिवाय काढायचा नाही, हे तीन नियम पाळले की वाट न पाहताही क्रम राखता येतो. दुसरे उत्तर डेटाबेसच्या जगातून आले. झेरॉक्स पार्कमधल्या रॉबर्ट हॅगमन यांनी १९८७ मध्ये सीडार या प्रणालीसाठी बदलांची आगाऊ नोंदवही, म्हणजे जर्नल, वापरून दाखवली. आयबीएमची जेएफएस, व्हेरिटास कंपनीची व्हीएक्सएफएस, सिलिकॉन ग्राफिक्सची एक्सएफएस असे करत ही पद्धत नव्वदच्या दशकात रुळली. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी केलेले काम २००१ मध्ये ईएक्सटी-३ या नावाने मुख्य कर्नलमध्ये आले. जर्नल असले की वीज गेल्यावर अर्धवट राहिलेला बदल एक तर पूर्ण करता येतो किंवा सोडून देता येतो. अर्धवट लिहिलेल्या डिरेक्टरीचा प्रश्न या टप्प्यावर तत्त्वतः सुटला.

पण या सगळ्या उपायांच्या पोटी एक गृहीत होते. लिहिलेले तसेच परत मिळते, आणि न मिळाल्यास डिस्क तसे कळवते, असे सगळे धरून चालले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या विजयन प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईएक्सटी-३, रायझरएफएस, जेएफएस आणि एनटीएफएस यांच्यात मुद्दाम दोष घालून हे गृहीत तपासले. डिस्कने कळवलेल्या चुकासुद्धा या प्रणाली सुसंगतपणे हाताळत नाहीत, कधी थांबतात, कधी दुर्लक्ष करतात, असे त्यांना दिसले. न कळवलेल्या चुकांची गोष्ट तर आणखी वेगळी. लक्ष्मी बैरवसुंदरम आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये नेटॲपच्या यंत्रणांमधल्या १५ लाख ३० हजार डिस्कांचा ४१ महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चेकसम न जुळल्याच्या ४ लाखांहून अधिक घटना सापडल्या, आणि स्वस्त सॅटा डिस्कांमध्ये हे प्रमाण महागड्या डिस्कांच्या सुमारे दहापट होते. डिस्कने चुकीच्या जागी लिहिणे, लिहिल्याचे सांगून न लिहिणे, वाटेत बिट पालटणे हे सगळे प्रत्यक्षात घडत होते. जर्नलला यातले काहीच दिसत नाही. त्याची हमी क्रमापुरती असते. मजकूर तोच राहिला का, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

या प्रश्नाला सर्वांत पद्धतशीर उत्तर सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिळाले. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू ॲरन्स यांनी २००१ मध्ये सुरू केलेली झेडएफएस ३१ ऑक्टोबर २००५ रोजी सोलारिसच्या मूळ कोडमध्ये दाखल झाली. तिच्यात ब्लॉकचा चेकसम त्या ब्लॉकजवळ नसतो. त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये असतो. त्या वरच्या ब्लॉकचा चेकसम त्याच्याही वर, असे थेट मुळापर्यंत. राल्फ मर्कल यांनी सत्तरच्या दशकात सुचवलेल्या झाडाचीच ही रचना. तिचा फायदा मोठा आहे. चेकसम ब्लॉकच्या पोटातच ठेवला तर डिस्कने नवा ब्लॉक लिहिलाच नाही तरी जुना ब्लॉक आपल्या जुन्या चेकसमशी बिनचूक जुळतो आणि फसवणूक लपते. चेकसम वरच्या ब्लॉकमध्ये असला की ती उघडी पडते. जोडीला, जुना ब्लॉक कधीही जागच्या जागी बदलायचा नाही, नवा दुसरीकडे लिहायचा आणि शेवटी मूळ बदलायचे, या पद्धतीमुळे अर्धवट लिहिण्याचा प्रश्नही त्याच रचनेत सुटला. मेटाडेटाच्या एकाहून अधिक प्रती ठेवायची सोय असल्यामुळे एक बिघडली तर दुसरीवरून दुरुस्ती आपोआप होते. झेडएफएसला एफएससीके नाही, आणि तिच्या कर्त्यांनी ही गोष्ट अभिमानाने सांगितली. डिस्कवरची अवस्था नेहमीच सुसंगत असते, तर दुरुस्तीचा प्रोग्रॅम कशाला, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढचा सगळा पेच त्यातल्या ‘सुसंगत’ या अटीवर उभा आहे.

पुढच्या दहा वर्षांत इतरांनी हाच धडा आपापल्या रचनेत बसवला. बीटीआरएफएसने ब्लॉकच्या शीर्षभागात चेकसम ठेवला, पण सोबत ब्लॉकचा स्वतःचा पत्ता आणि पिढीचा क्रमांकही ठेवला. ती पिढी वरच्या ब्लॉकमध्येही नोंदलेली असल्याने शिळा ब्लॉक ओळखू येतो. ईएक्सटी-४ मध्ये मेटाडेटाचे चेकसम २०१२ साली, लिनक्स ३.५ सोबत आले. डॅरिक वाँग यांच्या या कामातली डिरेक्टरीसाठीची युक्ती पाहण्यासारखी आहे. जुन्या रचनेत चेकसमला जागाच नव्हती, म्हणून डिरेक्टरीच्या ब्लॉकच्या अखेरच्या १२ बाइटांत, नाव नसलेली आणि शून्य आयनोडची एक खोटी नोंद ठेवून तिच्या पोटात चेकसम लपवला. जुन्या कर्नलला ती वापरात नसलेली नोंद वाटते, नवा कर्नल तिचा अर्थ जाणतो. हा चेकसम काढताना फाइल सिस्टिमची ओळख आणि त्या डिरेक्टरीचा आयनोड क्रमांकही हिशेबात घेतला जातो, त्यामुळे एका डिरेक्टरीचा ब्लॉक चुकून दुसरीच्या जागी गेला तर जुळणी फसते. एक्सएफएसने २०१३ मध्ये डेव्ह चिनर यांच्या पुढाकाराने असेच केले. तिथे प्रत्येक डिरेक्टरी ब्लॉक आपण कोणाचे आणि आपली जागा कोणती हे स्वतःच सांगतो. २०१३ च्या अखेरीस, म्हणजे पहिल्या युनिक्सनंतर साधारण चव्वेचाळीस वर्षांनी, लिहिल्यानंतर डिरेक्टरी बदलली तर ते कळण्याची सोय लिनक्सच्या प्रमुख फाइल सिस्टिममध्ये आली होती.

आणि तरीही डिरेक्टऱ्या बिघडत राहिल्या. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. जेरोम सॉल्टझर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी ते १९८१ मध्येच एका निबंधात सांगून ठेवले होते. त्यात एमआयटीमधल्या एका जाळ्याची हकिकत आहे. त्या जाळ्यात प्रत्येक टप्प्यावर पाकिटाचा चेकसम तपासला जाई, म्हणून प्रोग्रॅम लिहिणारे निश्चिंत होते. पण मधल्या एका गेटवे संगणकात आत येणारा मजकूर बाहेर जाणाऱ्या बफरमध्ये उतरवताना साधारण दर दहा लाख बाइटांमागे एकदा दोन बाइटांची अदलाबदल होई. येताना चेकसम बरोबर, जाताना नव्याने काढलेला चेकसमही बरोबर, बिघाड मधल्या मेमरीत. काही काळाने त्यातून गेलेल्या मूळ कोडच्या फायली बिघडलेल्या सापडल्या आणि जुन्या छापील प्रतींशी ताडून त्या सुधाराव्या लागल्या. फाइल सिस्टिममध्ये हुबेहूब हेच घडते. डिरेक्टरीचा ब्लॉक डिस्कवरून मेमरीत येतो, तिथे कित्येक सेकंद राहतो, त्यात नावे जोडली-काढली जातात, आणि परत जाताना त्याचा नवा चेकसम काढला जातो. मधल्या काळात मेमरीतला बिट पालटला, किंवा कर्नलच्या दुसऱ्याच एखाद्या भागाने चुकून त्या जागेवर लिहिले, तर चेकसम निघतो तो बिघडलेल्या ब्लॉकचा. कार्यालयातून मिळालेल्या सत्यप्रतीवरचा शिक्का प्रत मुळाबरहुकूम असल्याचे सांगतो, मूळ नोंद खरी असल्याचे सांगत नाही. चेकसमची साक्षही एवढीच असते. फरक इतकाच की चेकसमनंतर ती चुकीची नोंद आरशातल्या दुसऱ्या डिस्कवरही तशीच जाते, प्रत्येक तपासणीत उत्तीर्ण होते आणि इतर प्रतींवरून सुधारता येत नाही, कारण सगळ्या प्रती एकमताने चूक असतात.

ही केवळ शंका नव्हती. २०१० मध्ये युपू झँग, अभिषेक राजीमवाले, अँड्रिया आणि रेम्झी आर्पाची-ड्यूसो यांनी झेडएफएसवर दोन्हीकडून दोष घालून पाहिले. डिस्कवर केलेले बिघाड तिने पकडले आणि दुसरी प्रत असेल तिथे सुधारलेही. मेमरीत एकच बिट पालटला तेव्हा मात्र कधी चुकीचा मजकूर हाती आला, कधी चुकीची माहिती कायमची डिस्कवर गेली, कधी यंत्र कोसळले. मेमरीत बिट पालटणे किती दुर्मीळ, याचे उत्तर त्याआधी एक वर्ष मिळाले होते. बियांका श्रोडर, एदुआर्दो पिन्हेरो आणि वुल्फ-डीट्रिख वेबर यांनी गूगलच्या यंत्रांचा सुमारे अडीच वर्षांचा हिशेब मांडला तेव्हा वर्षभरात किमान एक दुरुस्त करता येण्याजोगी चूक दाखवणाऱ्या मेमरी पट्ट्यांचे प्रमाण ८ टक्क्यांच्या वर निघाले. ही चूक सुधारणाऱ्या, ईसीसी मेमरीची गोष्ट आहे, म्हणून ती मोजता आली. घरातल्या बहुतेक संगणकांत ईसीसी नसते; तिथे ती चूक मोजली जात नाही, नुसती घडते.

अशी एक चूक डिरेक्टरीत शिरली तर नेमके काय होते, हे बीटीआरएफएसच्या रचनेवरून नीट समजते. तिथे एक नाव तीनदा लिहिलेले असते. पहिली नोंद नाव शोधण्यासाठी, तिची किल्ली त्या नावाच्या हॅशवरून, म्हणजे नावापासून काढलेल्या आकड्यावरून, ठरते. दुसरी नोंद यादी दाखवण्यासाठी, अनुक्रमांकानुसार. तिसरी नोंद फायलीच्या बाजूने, आपण कोणत्या डिरेक्टरीत कोणत्या नावाने आहोत हे सांगणारी. इंग्रजी ‘बी’ आणि ‘सी’ या लहान अक्षरांच्या संकेतांत एकाच बिटाचा फरक आहे. पहिल्या नोंदीत तो बिट पालटला तर यादीत फाइल दिसते, पण उघडायला गेल्यावर ती नाही असे उत्तर येते. आयनोडच्या क्रमांकात बिट पालटला तर नाव एका फायलीचे आणि निर्देश दुसरीकडे. डिरेक्टरीच्या आकाराच्या आकड्यात पालटला, तर आत काही नसताना ती रिकामी नसल्याचे सांगून पुसायला नकार मिळतो, कारण बीटीआरएफएस त्या आकड्यावरूनच डिरेक्टरी रिकामी आहे का ते ठरवते. चेकसम या प्रत्येक प्रसंगी बरोबर असतो. पण हीच पुनरुक्ती तपासणीच्या कामी येते. २०१७ पासून छ्यू वेनरुओ यांनी बीटीआरएफएसच्या तपासकात एकेक नियम घातला: किल्ल्या चढत्या क्रमाने आहेत का, नावाची लांबी नोंदीच्या हद्दीत आहे का, फाइलप्रकार माहीत असलेल्यांपैकी आहे का, आणि नावाचा हॅश नव्याने काढला तर तो किल्लीशी जुळतो का. आधी ही तपासणी ब्लॉक वाचताना होई. तेव्हा ती फक्त निदान होती. बिघडलेला ब्लॉक डिस्कवर जाऊन बसलेला असे. २०१९ मध्ये तीच तपासणी लिहिण्याच्या क्षणी आली, आणि ती प्रतिबंध झाली. एक्सएफएसमध्ये वाचताना आणि लिहिताना दोन्ही वेळा रचना पडताळायची पद्धत चेकसमच्या कामासोबतच आली होती, हे इथे नोंदवायला हवे. चेकसम आणि अर्थाची तपासणी ही जोडीनेच यायला हवीत, हे तिच्या कर्त्यांनी आधी ओळखले.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो: दोष मेमरीचा असेल तर ईसीसी मेमरी घ्या, फाइल सिस्टिमवर हार्डवेअरचे ओझे का? ईसीसी घ्यावीच, यात वाद नाही. आणि झेडएफएसला इतर फाइल सिस्टिमपेक्षा ईसीसीची अधिक गरज आहे हा समज चुकीचा असल्याचे ॲरन्स यांनी सांगितले आहे, तेही रास्त आहे. पण ईसीसी मेमरी फक्त मेमरीत साठवलेल्या बिटांची हमी देते. कर्नलच्या कोडमधल्या चुकीने आलेला चुकीचा आकडा ती इमानाने जपून ठेवते. प्रोसेसरची गणितेही चुकू शकतात. हरीश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी फेसबुकमधल्या यंत्रांविषयी २०२१ मध्ये दिलेल्या अहवालात असा एक प्रसंग आहे, की एका सदोष कोअरवर विशिष्ट घात काढताना उत्तर १५६ ऐवजी शून्य येई. त्यामुळे फायलीचा आकार शून्य ठरे आणि शाबूत असलेली फाइल रिकामी म्हणून वगळली जाई. मेमरी निर्दोष, डिस्क निर्दोष, चेकसम निर्दोष, आणि निष्कर्ष चूक. मूल्य कुठून बिघडले याची पर्वा न करता ते अर्थपूर्ण आहे का एवढेच विचारणारी तपासणी या सगळ्या उगमांना एकाच जागी अडवते. ईसीसी तिची जागा घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप वापरणाऱ्याच्या बाजूचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. लिहिताना विसंगती आढळली की बीटीआरएफएस चालू व्यवहार सोडून देते आणि सगळी फाइल सिस्टिम केवळ वाचण्यापुरती उरते. एका बिटासाठी चालते काम बंद पाडणे ही रक्षणाची रीत आहे का? हिशेब मांडून पाहू. बीटीआरएफएस आपले बदल सर्वसाधारणपणे दर ३० सेकंदांनी पक्के करते. लिहायला नकार दिला तर जास्तीत जास्त तेवढे काम जाते आणि आधीचे संपूर्ण, सुसंगत झाड डिस्कवर शाबूत राहते, कारण जुना ब्लॉक जागच्या जागी बदललेलाच नसतो. नकार दिला नाही तर चुकीचा ब्लॉक नव्या मुळाला जोडला जातो, जुने ब्लॉक मोकळे होऊन पुन्हा वापरले जातात आणि परतीची वाट दर मिनिटाला अरुंद होते. बॅकअप आहे, स्नॅपशॉट आहेत, असे म्हणणारेही असतात. पण ज्या डिरेक्टरीत नाव दिसते पण उघडत नाही, तिचा बॅकअप त्या फायलीवाचूनच होतो. आणि स्नॅपशॉट तर बिघडलेल्या झाडाचेच मूळ सांभाळून ठेवतो. काही महिन्यांनी बिघाड लक्षात येतो तेव्हा चांगली प्रत कोणती हे सांगणारे कोणी उरलेले नसते. लवकर आणि मोठ्याने थांबणे हे उशिरा आणि गुपचूप चुकण्यापेक्षा स्वस्त आहे. थांबलेल्या यंत्राची मेमरी तपासायची वेळ आली आहे हे मालकाला कळते, हा आणखी एक लाभ.

तिसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. ही तपासणी एका वेळी एकच ब्लॉक पाहते. नावाच्या तीन नोंदी तीन वेगळ्या ब्लॉकांमध्ये असल्या तर त्या एकमेकींशी जुळतात का हे तिला कळत नाही. हॅश काढण्याआधीच नाव बिघडले असेल तर चुकीच्या नावाचा बरोबर हॅश तिच्यासमोर येतो. आयनोडचा क्रमांक चुकीचा पण शक्य कोटीतला असेल तर तोही निसटतो. प्रत्येक लेखनाच्या वेळी सगळे झाड तपासणे परवडणारे नाही. म्हणून ब्लॉकाब्लॉकांमधल्या नात्यांची पडताळणी वेगळी, सावकाश, चालू यंत्रावरच व्हायला हवी. झेडएफएसचा आणि बीटीआरएफएसचा स्क्रब, म्हणजे सगळे ब्लॉक वाचून पाहण्याचा फेरा, ही ती पडताळणी नव्हे, कारण तो मुख्यतः चेकसम जुळवतो. या दिशेने ठोस पाऊल एक्सएफएसने टाकले. २०२४ मध्ये लिनक्स ६.१० सोबत तिथे प्रत्येक फायलीजवळ आपल्या डिरेक्टरीचा आणि नावाचा उलटा निर्देश ठेवायची सोय आली. त्यामुळे फाइल सिस्टिम चालू असतानाच डिरेक्टरी आणि फायली यांची साक्ष दोन्ही बाजूंनी ताडता येते, आणि डिरेक्टरी नष्ट झाली तरी तिच्या फायलींकडून ती पुन्हा उभी करता येते. कोवाल्स्की यांच्या प्रोग्रॅमला नाव हरवलेली फाइल क्रमांक देऊन बाजूला ठेवावी लागे. या रचनेत ती आपले नाव आणि पत्ता स्वतः सांगते.

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष रचनाकारांना थोडा अडचणीचा आहे. एकच सत्य दोन ठिकाणी लिहिले की विसंगती येते, म्हणून पुनरुक्ती टाळावी, ही शिकवण युनिक्सच्या काळापासून चालत आली आणि क्रमाचा प्रश्न सुटेपर्यंत ती योग्यच होती. जर्नलने आणि जुना ब्लॉक जागच्या जागी न बदलण्याच्या पद्धतीने तो प्रश्न सुटल्यावर पुनरुक्तीचे मोल उलटले. नावासोबत त्याचा हॅश, डिरेक्टरीसोबत फायलीचा उलटा निर्देश, ब्लॉकसोबत त्याच्या मालकाचा क्रमांक, ही सगळी जाणीवपूर्वक ठेवलेली पुनरुक्ती आहे, आणि अर्थाची तपासणी तिच्यावाचून शक्यच नाही. ज्या माहितीला दुसरा साक्षीदार नाही ती बरोबर आहे की चूक, हे कोणताही प्रोग्रॅम सांगू शकत नाही. म्हणून नवी फाइल सिस्टिम निवडताना किंवा रचताना चेकसम कोणता, ३२ बिटांचा की २५६ बिटांचा, हा प्रश्न दुय्यम आहे. बीटीआरएफएसने जानेवारी २०२० मध्ये ५.५ आवृत्तीत अधिक बळकट चेकसम दिले. लिहिल्यानंतरच्या बदलांसाठी ते उपयोगी आहेत, पण चुकीच्या ब्लॉकवर लांब चेकसम चिकटवल्याने तो बरोबर होत नाही. आधी विचारायचा प्रश्न असा, की डिरेक्टरीची नोंद चेकसम लागण्यापूर्वी कोणत्या साक्षीने तपासली जाते, आणि साक्ष जुळली नाही तर लिहिणे थांबवण्याची तयारी त्या फाइल सिस्टिममध्ये आहे का.